बाकावरच्या माणसाला विचारा

अमरेचच्या सासऱ्यांचं नाव मला ठाऊक आहे. आमच्या वस्तीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. सरकारी कागदांवर तर ते इतक्या वेळा छापलंय की शिपायांनाही पाठ झालं असेल. पण ही गोष्ट अमरेचची, आणि तिच्या गोष्टीत तिच्यादेखत ते नाव घेणं मला बरं वाटत नाही. म्हणून आपण त्यांना सासरेच म्हणू.

इथून हजारो मैल उत्तरेला, हांबारिचोच्या डोंगराखाली, जिथे केळीसारखी दिसणारी पण केळी न देणारी वेसाची झाडं घराभोवती उभी असतात, तिथली ती सून. त्या भागात मुलगी लग्न होऊन घरात आली की सासऱ्यांचं नाव तिच्या तोंडातून जातं ते कायमचंच. दुसऱ्या कुणी ते नाव घेतलं, तर तिने पांढरी ओढणी कपाळावर ओढायची आणि जागेवरून अर्धवट उठायचं, जणू तेच दारातून आत आलेत. यात कुणाची जबरदस्ती नसते. सात वर्षं तसं वागलं की गुडघे आपोआप उठतात.

सासरे गावचे जाणते. गावाच्या कुरणावर बंदूकवाल्या लोकांचा डोळा होता आणि सासरे आडवे आले. बाजाराच्या दिवशी त्यांना नेलं. त्यांना शोधायला तिचा नवरा गेला, तोही आला नाही. मग अमरेच निघाली. मालाच्या गाड्या, सीमेवरच्या चौक्या, परक्यांच्या पडव्या, असं करत करत दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, या वाऱ्याच्या शहरात येऊन पोचली. इथे तिला एर्जाबो भेटला, सासरच्याच गावचा, त्यामुळे नात्याने दीर. त्याचं वस्तीत छोटं दुकान. दुकानाच्या खिडकीत ती सकाळी तळलेले गोळे विकायची, आणि पाठीमागच्या खोलीत राहायची.

एर्जाबोबद्दल एकच गोष्ट सांगितली तरी पुरे. तो बोलतो. गिऱ्हाइकाशी बोलतो, गिऱ्हाईक नसेल तर पिठाच्या पोत्याशी बोलतो. घराची मालकीण नोझुको, इथे आईला मामा म्हणतात म्हणून सगळ्यांची मामा नोझुको, म्हणायची, "हा माणूस मेला तरी दोन दिवस कुणाला कळणार नाही, आवाज चालूच राहील."

आसऱ्याच्या अर्जावर मुलाखत झाली त्या दिवशीही तोच तिला घेऊन गेला होता. आत एकटीलाच सोडलं. अधिकाऱ्याच्या टेबलावर गावच्या चर्चचं पत्र होतं. त्यात सासऱ्यांना कुणी मारलं, का मारलं, त्यांच्या घरच्यांना गावात राहणं का शक्य नाही, सगळं लिहिलेलं. म्हणजे सासरे खरे होते, त्यांचं मरण खरं होतं. प्रश्न एवढाच, की समोर बसलेली बाई त्यांची सून आहे का? अधिकाऱ्याने पत्रावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "यांचं नाव सांग."

अमरेचने ओढणी सारखी केली. मग दुभाष्याला ती म्हणाली, "बाहेर बाकावर माणूस बसलाय. त्याला विचारा. तो सांगेल."

अधिकाऱ्याने आणखी दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं. कागदावर त्याने लिहिलं: सासऱ्याचं नाव माहीत नाही. अर्ज नामंजूर. अपिलाच्या मंडळाने तिला बोलावलंसुद्धा नाही. कागद वाचले आणि लिहिलं, की सात वर्षं एका घरात राहून सासऱ्याचं नाव माहीत नसणं शक्य नाही, म्हणून ही त्यांची सून नाही. देश सोडून जावं.

कुठे जावं? बंदूकवाले अजून तिथेच होते. कुरणात आता त्यांची गुरं चरत होती.

शर्लीन नावाची एक तरुण वकील होती, विद्यापीठातल्या फुकट सल्ल्याच्या केंद्रातली. तिने उच्च न्यायालयात अर्ज टाकला. एक दिवस दुकानात येऊन, पोत्यावर बसून, तिने सगळं समजावलं. ती इंग्रजीत बोलली आणि एर्जाबोने आपल्या भाषेत सांगितलं, अर्थात स्वतःची भर घालून.

"हे कोर्ट तुमची गोष्ट ऐकणार नाही," शर्लीन म्हणाली. "तुम्ही खरं बोलता की खोटं, ते ठरवणार नाही. ज्यांनी निर्णय दिला, त्यांनी तो नीट दिला का, एवढंच बघणार. तेही फाइलीत जे आहे त्यावरून. नवा कागद नाही, नवा शब्द नाही."

एर्जाबोने मान हलवली. "कळलं. भाकरी चाखायची नाही. पीठ चाळलं होतं का, तवा तापला होता का, एवढंच बघायचं."

"अगदी तसंच."

"मग भूक कशी भागायची?" अमरेचने विचारलं.

शर्लीनने कागद आवरले. जाताना म्हणाली, "कोर्टात यायचीही गरज नाही तुम्हाला."

पण अमरेचने मनाशी ठरवलं होतं. इतकी मोठी न्यायाधीश, समोर बसलेल्या बाईला एक प्रश्न विचारणार नाही, हे तिला पटत नव्हतं. ती विचारणारच. आणि विचारलं की नाव घ्यायचं. एकदाच घ्यायचं आणि जन्मभर पाप फेडायचं. सुनावणीला पाच आठवडे होते. तिने सराव सुरू केला.

मोरीत भांडी घासताना ती तोंड उघडायची. पहिलं अक्षर जिभेपर्यंत यायचं आणि तिथेच बसायचं, हट्टी गाढवासारखं. समुद्रावर गेली, की वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून प्रयत्न करायची. वारा तोंडात शिरायचा आणि ती खोकत परत यायची. मामा नोझुकोने एकदा तिला मोरीपाशी तोंडाचा आ करून उभी पाहिलं.

"दाढ दुखतेय का गं?"

अमरेचने एव्हाना मोडकी खोसा भाषा शिकली होती. तिने सांगितलं काय ते.

मामा नोझुको आधी हसली, मग हसायची थांबली. "एवढ्यासाठी तुला खोटी ठरवली? अगं, आमच्यात तरी कोणती सून घेते? माझे सासरे जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचं नाव असलेला एक रस्ता आहे गावात. मी लांबून वळसा घालून जाते, रस्ता विचारायची वेळ येऊ नये म्हणून." मग तिने भिंतीला अडकवलेली कोर्टाची नोटीस वाचली. "न्यायमूर्ती न्जोक्वेनी. बाई आहेत. हे सासरचं आडनाव असणार."

दुपारी दुकानात वर्दळ नसली की अमरेच पोत्यांच्या मागे आडवी व्हायची. मक्याच्या पिठाचा गोडसर वास, पत्र्यावर वाळू आपटल्याचा आवाज, आणि पलीकडे एर्जाबोची अखंड बडबड. त्या बडबडीचीच हळूहळू झऱ्याची खळखळ व्हायची, वेसाची पानं हलायची, आणि सासरे समोरच्या पोत्यावर येऊन बसायचे. गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांना ओली माती, हातात काठी. काठी कुठे टेकवावी याची त्यांना नेहमीच पंचाईत.

"घे ना नाव," ते म्हणायचे. "मला आता काय फरक पडतो?"

"मामंजी, मला पडतो," ती म्हणायची.

"हट्टी आहेस."

"तुमच्याच घरात शिकले."

मग ते हसून कॉफी मागायचे, मीठ घातलेली, आणि ती चूल शोधत उठायची तर हाताला पिठाचं पोतं लागायचं.

सुनावणीच्या दिवशी शहरावर धुकं उतरलं होतं. कोर्टाच्या पायऱ्या अर्ध्याच दिसत होत्या, वरच्या अर्ध्या जणू कुणी पुसून टाकल्या होत्या. अमरेच आपली पांढरी ओढणी, तिच्या भाषेत नेतेला, पांघरून, एर्जाबोच्या मागोमाग चढली. आत गडद लाकडाचे लांब बाक, उंच छत, आणि शांतता. धुकं खिडक्यांना नाक लावून आत बघत होतं. समुद्रावरचा भोंगा अधूनमधून वाजायचा, आणि तो वाजला की तिला वाटायचं, हे सगळं घरच हळूहळू कुठेतरी निघालंय.

न्यायमूर्ती न्जोक्वेनी आत आल्या. सगळे उठले. वयाने साठीच्या, केस पांढरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर फाइल. अमरेचच्या साऱ्या आयुष्याची जाडी तीन बोटं भरली.

सरकारच्या बाजूने प्रिन्सलू नावाचे वकील होते. माणूस सभ्य, आवाज मऊ. त्यांनी सुरुवातच केली, "माय लेडी, मुद्दा साधा आहे. मयत इसम," आणि त्यांनी नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

अमरेचचे गुडघे उठले. तिने ओढणी कपाळावर ओढली. आणि तिने पाहिलं, बाजूच्या दारातून सासरे आत आले, बाकाच्या कडेला बसले आणि काठी कुठे टेकवावी ते शोधू लागले.

प्रिन्सलूंनी पुन्हा नाव घेतलं. ती पुन्हा उठली. सासरे पुन्हा आत आले आणि आधीच्या सासऱ्यांशेजारी बसले. मग तिसरे. मग चौथे. मऊ आवाजात नाव येत राहिलं आणि बाक भरत गेले. नऊ सासरे, अठरा मातकट बूट. कुणी काही बोलत नव्हतं. अमरेचला भीती वाटली नाही, पण फार लाज वाटली. इतक्या म्हाताऱ्या माणसाला परक्यांनी पुन्हा पुन्हा हाक मारून उठवायचं आणि बसायला धड जागाही द्यायची नाही!

"बसा," कोपऱ्यातला पहारेकरी हळूच म्हणाला.

"ती बसतेच आहे हो," एर्जाबो कुजबुजला. "तुमचे वकीलच तिला उठवतायत."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. अमरेचकडे बघितलं. प्रिन्सलूंनी दहाव्यांदा नाव घेतलं, ती उठली, तेव्हाही त्या बघत होत्या. मग त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

शर्लीनने ते हेरलं. ती चटकन उभी राहिली. "माय लेडी, माझी अशील वारंवार का उठते आहे, हे आपल्या ध्यानात—"

"मिस," न्यायमूर्ती म्हणाल्या, "जे फाइलीत नाही, ते मला दिसत नाही."

"काय म्हणाल्या?" अमरेचने विचारलं.

"त्यांना दिसत नाही म्हणतायत," एर्जाबोने सांगितलं.

"डोळ्यांनी अधू आहेत?"

"नाही गं वहिनी. कोर्टात आहेत."

पण त्यांनी पाहिलं होतं. अमरेचला ते पक्कं कळलं होतं. तिला वाटलं, हीच वेळ. पाच आठवड्यांचा सराव होता. ती आता कुणी नाव न घेताच उठली, ताठ उभी राहिली आणि तिने तोंड उघडलं. आणि खरंच सांगतो, त्या क्षणी पहिलं अक्षर जिभेवरून पुढे सरकलं होतं. बाकावरचे दहाही सासरे माना वर करून तिच्याकडे बघत होते.

न्यायमूर्तींनी हात वर केला. "नको. बाईंना सांगा, मी साक्ष घेत नाही. त्या आज जे बोलतील, ते मला वापरता येणार नाही. त्यांनी बसावं."

एर्जाबोने सांगितलं. अमरेच उभीच राहिली. ज्याने तिला गेली चार वर्षं छळलं, ते नाव द्यायला ती निघाली होती, आणि आता ते कुणाला नको होतं. तिला रडू फुटलं, मोठ्याने नाही, पण फुटलं. एर्जाबोने तिच्या ओढणीचं टोक ओढून तिला खाली बसवलं.

प्रिन्सलू पुढे म्हणाले, "अर्जदाराला तीनदा संधी दिली. तिला नाव सांगता आलं नाही."

"पान चौदा," न्यायमूर्ती म्हणाल्या. "ओळ सहा. ती म्हणाली, बाहेर बाकावर माणूस बसलाय, त्याला विचारा. तीनदा म्हणाली. विचारलं?"

"माय लेडी, बाहेर जाऊन चौकशी करत बसणं हे अधिकाऱ्याचं काम नव्हे. आणि असा कुणी माणूस तिथे खरोखर होता, याला आधार नाही. तो शहरात कुठेही असू शकतो. मुळात नसूही शकतो."

"आधार नाही?"

"फाइलीत नाही, माय लेडी."

न्यायमूर्तींनी पानं मागे उलटली. एकेक करून, काही घाई नसल्यासारखी. भोंगा वाजला. खिडकीतलं धुकं किंचित पातळ झालं होतं.

"पान दोन," त्या म्हणाल्या. "समासात, अधिकाऱ्याच्या हातचं. वाचते. 'अर्जदाराबरोबर आलेला इसम बाहेरच्या बाकावर बसून सतत मोठ्याने बोलत असल्याने, मुलाखतीपूर्वी दार लावून घेतले.'"

शर्लीन आपल्या फाइलीत पान दोन शोधू लागली. तिचे कान लाल झाले होते. इतक्या वेळा वाचूनही समासाकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. प्रिन्सलूही शोधू लागले.

एर्जाबो मात्र गप्प झाला होता. अमरेचने त्याला कोपराने ढोसलं. "काय म्हणतायत? सांगा ना भाऊजी."

"माझ्याबद्दल बोलतायत."

"तुमच्याबद्दल? काय?"

"हेच, की मी फार बोलतो."

"ते कोर्टाला कुणी सांगितलं?"

"फाइलीत आहे म्हणे," एर्जाबो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

न्यायमूर्ती प्रिन्सलूंना सांगत होत्या, "म्हणजे माणूस होता. बाकावर होता. इतका जवळ होता, की त्याचा आवाज खोलीत येत होता, आणि तो नको म्हणून दार लावलं. मग बाई तीनदा म्हणाल्या की त्याला विचारा. ही बाई खरी की खोटी, ते ठरवायला मी इथे बसलेली नाही. मला एवढंच सांगा, ते दार उघडायला काय लागत होतं?"

प्रिन्सलू सभ्य माणूस, हे मी आधीच सांगितलं. ते म्हणाले, "माय लेडी, याहून जास्त मला सांगता येणार नाही." आणि खाली बसले.

निकाल राखून ठेवला गेला. अमरेच बाहेर पडली तेव्हा पायऱ्या सगळ्या दिसत होत्या.

सात आठवड्यांनी निकाल आला. शर्लीन तो घेऊन दुकानात आली, सकाळच्या उन्हात, धापा टाकत. मामा नोझुकोला बोलावलं. खिडकी बंद केली, बाहेर गिऱ्हाइकं टकटक करत राहिली. अमरेच पोत्यावर बसली. तिने आधीच ओढणी घट्ट लपेटून घेतली होती. बावीस पानं होती, आणि आधीचे दोन्ही निर्णय तिने ऐकले होते तेव्हा उठून उठून तिची कंबर धरली होती.

"आधी शेवट सांग," मामा नोझुको म्हणाली. "जीव टांगणीला लावू नकोस."

"दोन्ही निर्णय रद्द," शर्लीन म्हणाली. "नवी मुलाखत, नव्या अधिकाऱ्यासमोर. तोवर तिला कुणी हात लावू शकत नाही. आणि हे बघा, कोर्टाने लिहिलंय, की अर्जदार ज्या माणसाकडे बोट दाखवेल, त्याला आत बोलावून विचारलं जावं."

"म्हणजे जिंकलो?" एर्जाबोने विचारलं.

"म्हणजे परत सुरुवातीला आलो."

"फक्त या वेळी दार उघडं असणार," मामा नोझुको म्हणाली. "आणि तू आत, बोलायला. बिचारा अधिकारी!"

शर्लीन पहिल्यापासून वाचायला लागली. एर्जाबो एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेला, आणि आश्चर्य म्हणजे स्वतःची भर न घालता. पान चार झालं. पान सात झालं. चर्चचं पत्र आलं, बाजाराचा दिवस आला, कुरण आलं. अमरेच गुडघ्यांवर हात ठेवून तयार बसली होती. आता येईल, पुढच्या ओळीत येईल. फाइलीतल्या पान चौदाचा उल्लेख आला, अधिकाऱ्याचा प्रश्न जसाच्या तसा आला, आणि पुढे गेला.

शर्लीन थांबली. तिने मागची पानं चाळली, पुढची चाळली. "विचित्रच आहे," ती म्हणाली. "अधिकाऱ्याच्या आणि मंडळाच्या कागदांत मिळून ते नाव एकतीस वेळा आहे. निकालात ते यायलाच हवं. कोण मेला, हा तर मुद्दाच आहे. पण यांनी सगळीकडे 'अर्जदाराचे सासरे' एवढंच लिहिलंय. पहिल्या पानापासून."

"विसरल्या असतील," एर्जाबो म्हणाला.

मामा नोझुको त्याच्याकडे बघत राहिली. "तू बोलतोस तेवढंच बरं," ती म्हणाली. "विचार करत जाऊ नकोस."

अमरेचने हात पुढे केला. शर्लीनने कागद तिच्या मांडीवर ठेवले. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या एका नावाचा छापील आकार तिने चार वर्षं पाहिला होता. तो तिला कुठेही ओळखता आला असता. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती शोधत निघाली. पानामागून पान, ओळीखालून ओळ, समासातसुद्धा. बाहेर गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. समोरच्या पोत्यावर सासरे येऊन बसले नाहीत. कुणी त्यांना हाक मारली नव्हती, कुणी झोपमोड केली नव्हती. हांबारिचोखालच्या वेसाच्या सावलीत ते निवांत पडून असतील.

बावीस पानं संपली, आणि तिला एकदाही उठावं लागलं नाही.